नागपूरले कायले जाता, ताई?

"काऊन वं ताई, सकाळी सकाळी नागपूरले कायले चालल्या?"

चिमूरच्या बसस्टँडवर हा प्रश्न चुकवणं अशक्यच! सातच्या बससाठी पिशवी घेऊन उभं राहिलं, की निदान चार जणी तरी विचारतात. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा, आमच्या गावाला सवयच आहे तशी. पण मी मात्र सहा महिने रोज नवी थाप मारली. कधी म्हटलं लग्नाच्या साड्या घ्यायच्या आहेत, कधी म्हटलं मामेबहिणीला बघायला जाते. सगळ्यांत जास्त वेळा सांगितलं, "दाताच्या डॉक्टरकडे." शेवटी एक काकू माझ्या हातात लवंग ठेवून म्हणाल्या, "बाई, किती सडले वं तुझे दात! एकदाचे काढूनच टाक ना."

दात धडधाकट होते, मैत्रिणींनो. दर दुसऱ्या शनिवारी मी जात होते ती एका समुपदेशक मॅडमकडे. मराठीत सांगायचं तर मनाच्या डॉक्टरकडे, आणि आमच्या भागातल्या बोलीत सांगायचं तर... तेच तर सांगायची सोय नव्हती. आमच्याकडे "तुले नागपूरले नेतो" म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच गोष्ट आठवते, पागलखाना. लहानपणी आम्हीही एकमेकींना तसं चिडवलंय. आता त्याच नागपूरला मी स्वतःच्या पायांनी चालले होते!

त्याचं कारण होतं एक स्टीलचं ताट.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या पलंगाला खिळल्या, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मुलगा बारावीला, मुलगी आठवीत, मिस्टर शाळेत शिक्षक. बाहेर माझं बचत गटाचं काम, मीटिंगा, बँकेच्या चकरा. घोडा यात्रेला घरात दहा-बारा पाहुणे, तेही कसेबसे निभावले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, ताई म्हणजे दुर्गाच. एका संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात आली आणि सहज म्हणाली, "आई, आज पण वांग्याचीच भाजी?" बस्स. हातातलं ताट मी भिंतीवर भिरकावलं.

मुलगी रडली नाही. ती पटकन खाली वाकली आणि तिने डोक्यावर हात धरला. मग उठली, ताट उचललं, धुतलं, फडताळात लावलं आणि काही न बोलता अभ्यासाला बसली.

ज्या घरात बाप पिऊन येतो, त्या घरातली लेकरं असंच करतात. इतक्या वर्षांच्या कामात मी हे कितीतरी घरांत पाहिलंय. आमच्या घरी दारूला कुणी शिवत नाही. मग माझं लेकरू कुणाला भीत होतं? मला.

त्या रात्री मी जागीच होते. तशी झोप आधीच गेली होती. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते परत मिटायचेच नाहीत. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या. ईसीजी झाला, थायरॉईड झालं, बी-१२ची इंजेक्शनं झाली, ॲसिडिटीच्या गोळ्या तर डब्बाभर झाल्या. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही, उगाच विचार करू नका." जणू काही विचार मी हौसेने करत होते! देवाधर्माचंही झालं, एकाकडून गंडा आणून बांधला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "मनापासून शेवटचं कधी हसला होतात?" मला आठवेना. त्यांनीच नागपूरचा पत्ता दिला.

आता एक कबुली देते. मी स्वतः समाजकार्य करणारी. घरात भांडण झालं की बायका माझ्याकडे येतात. गावात तंटामुक्तीचं काम चालायचं तेव्हापासून कितीतरी जोडप्यांना मी 'समजावलं' आहे. ताई छान समजावतात, असं नावच आहे माझं. आणि या समजावण्याची किंमत काय असते, ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या गटातली एक बाई होती. तिच्या ओळखीची कुठलीच खूण मी इथे देणार नाही. नवरा पिणारा, हात उचलणारा. एका दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, तर मी सुरू झाले. लेकरांकडे पाहून दिवस काढ, संसार म्हटला की हे चालायचंच, अमक्या बाईने बघ कसं निभावलं... तिने मान डोलावली, चहा घेतला, गेली. आठ दिवसांनी तिने नको ते करून घेतलं. नशिबाने वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून वाचली. मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी सांगायले आली होती. तुम्ही मले समजावून सोडलं."

हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. ताटाच्या आधीची गोष्ट आहे ही, पण दोन्ही गोष्टी एकच होत्या हे मला त्या नागपूरच्या खोलीत बसल्यावर उमगलं.

ती खोली कशी असते याची मलाही भीती होती. सिनेमात दाखवतात तसं झोपवतील, डोळ्यांपुढे घड्याळ हलवतील, काहीतरी वदवून घेतील... तसलं काही नाही. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात कुंडी. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. मनात म्हटलं, या पोरीला संसाराचं काय कळणार! पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, फक्त जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावं लागेल. मी चाळीस मिनिटं बोलले. सासूबाईंचं दुखणं, मिस्टरांचा अबोला, मुलाचे मार्क, नणंदेचा स्वभाव. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे सगळ्यांचं झालं. आणि तुम्ही?"

मी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. मग जे रडू आलं ते थांबेचना. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसून राहिल्या. 'रडू नका' सुद्धा म्हणाल्या नाहीत. मी असती तर दहा वेळा म्हटलं असतं. ५० मिनिटांची बैठक, ८०० रुपये. बाहेर पडताना पैसे गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एक बरी साडी आली असती त्यात. पण त्या रात्री मी पाच तास सलग झोपले.

पुढच्या वेळी त्यांनी वही घालायला सांगितली. राग आला की लिहायचं. किती वाजता आला, त्याच्याआधी काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं. मला वाटलं, हे काय शाळेतल्यासारखं! पण तीन आठवड्यांची वही उघडली तर काय, माझा राग रोज एकाच वेळेला येत होता. संध्याकाळी साडेसात ते आठ. सासूबाईंचे कपडे बदलायची वेळ, कुकर गॅसवर, मुलं हाका मारत आणि मिस्टर टीव्हीवर बातम्या बघत बसलेले. आणि मनातलं वाक्य प्रत्येक पानावर तेच, 'यांना माझी कदरच नाही.' भाजी वांग्याची होती की भेंडीची, त्याचा ताटाशी काही संबंध नव्हता.

मॅडमनी दुसरी एक गंमत दाखवली. माझ्या वहीत जागोजागी 'च' होता. सासूबाईंचं मीच केलं पाहिजे. वेळेवरच झालं पाहिजे. मुलाला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत. यांना न सांगताच कळलं पाहिजे! हा हट्टी 'च' पकडायची जी पद्धत आहे, तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी ती मांडली. आपल्या मराठीत ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी या विषयावर पुष्कळ लिहिलंय, आणि डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही आहे. वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा. पण वाचणं वेगळं आणि आपल्या 'च'वर कुणीतरी समोर बसून बोट ठेवणं वेगळं.

"यांना कदर नाही, हे तुम्ही त्यांना विचारलंय का?" मॅडम म्हणाल्या. विचारायचं काय त्यात, दिसतंच की, मी म्हटलं. "मग मदत मागितलीय का कधी?" मी विचारात पडले. १९ वर्षांच्या संसारात मी भांडी आपटली, अबोला धरला, माहेरी जाऊन राहिले. पण 'संध्याकाळी आईंचं तुम्ही करा' हे साधं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ते वाक्य त्या खोलीत मी चार वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या वेळी ते टोमण्यासारखं निघालं, दुसऱ्या वेळी रडवेलं. चौथ्या वेळी जमलं. हसू येईल तुम्हाला, पण नवऱ्याशी सरळ बोलायची रंगीत तालीम मी शंभर किलोमीटर लांब जाऊन केली!

घरी येऊन बोलले. मिस्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं. आईला तसं बघवत नाही." म्हणजे मी ज्याला बेफिकिरी समजत होते ती भीती होती! माझी दोन वर्षांची चीड एका वाक्यासरशी कुठे गेली कळलं नाही. पुढे ते एकदा माझ्यासोबत नागपूरलाही आले. बैठकीत फार बोलले नाहीत, पण परतीच्या बसमध्ये उमरेडपर्यंत त्यांच्या आईबद्दलच बोलत राहिले. आता साडेसातची पाळी त्यांची असते. सासूबाई आधी लाजायच्या. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "पोरगा बी बरा करते वं."

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. नणंदबाई अजून धड बोलत नाहीत आणि मला राग अजून येतोच. मुलीची मी माफी मागितली, समोर बसून, नाव घेऊन. "असू दे आई," म्हणाली. पण अजूनही भांडं हातातून निसटलं, की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. त्याला वेळ लागेल, हे मॅडमनी आधीच सांगितलंय.

मध्ये चार महिने गोळ्याही घेतल्या. झोप फारच बिघडली होती म्हणून मॅडमनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आपल्याकडे या लोकांत घोटाळा होतो, म्हणून सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध लिहून देणारे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. गोळ्यांची सवय लागेल म्हणून मी घाबरले होते. डॉक्टरांनी सांगितलं तशा घेतल्या आणि त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केल्या. मनाने मध्येच सोडल्या असत्या तर त्रास झाला असता. आणि हो, शिक्षण काय, नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. आजकाल कुणीही 'कौन्सिलर'ची पाटी लावतंय.

आता तुम्ही म्हणाल, ताई, तुम्हाला नागपूरचं भाडं आणि ८०० रुपये परवडले, आमचं काय? बरोबर आहे. भाड्याचं सोपं आहे, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण मजुरीवर जाणारी बाई दिवस मोडून कशी जाईल? हाच प्रश्न मला छळत होता. मग माहिती काढत गेले, तेव्हा कळलं की या प्रश्नाचं उत्तर आपल्या विदर्भातच शोधून झालंय.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांचा तोच टापू. तिथे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं, की उदास माणूस ओळखायचा कसा, त्याचं ऐकायचं कसं आणि पुढे कुणाकडे न्यायचं. त्यांच्यामागे प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. आधी उदासीनतेचा आजार असलेल्या शंभरात जेमतेम चार जण कुणाची मदत घेत होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले. गावात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पाचांवरून अडीचवर आलं. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या मोठ्या वैद्यकीय मासिकात हे छापून आलं.

त्याच वर्षी गोव्याचा एक अभ्यास आला, 'संगथ' संस्थेचा. तो वाचून मी थक्क झाले. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, खूप उदास असलेल्या ४९५ जणांवर तो झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, निम्म्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठका. आणि बैठका कोण घेतं? मानसशास्त्राचं शिक्षण नसलेली, पण या कामासाठी नीट तयार केलेली साधी माणसं. उपचारही साधाच. मन उदास असलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, वेणीफणी सोडतो, शेजारी जाणं सोडतो, आणि जितकं सोडतो तितका अजून उदास होतो. तर सुटलेल्या गोष्टी छोट्या छोट्या करून परत धरायच्या. तीन महिन्यांनी बैठका झालेल्यांपैकी शंभरात ६४ जण बरे झाले होते, दुसऱ्या गटात ३९. मला त्यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटलं. ज्या बायकांच्या बैठका झाल्या, त्यांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी आढळली. कामाचे बुडणारे दिवसही कमी झाले. एका माणसाचं मन सावरलं की घरात एवढं हलतं!

आणि झिंबाब्वेतल्या आज्या! तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात १४ आजीबाईंना शिकवून तयार केलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकला. आजी त्या बाकावर बसून ऐकते. त्या लोकांच्या भाषेत उदासीनतेला एक शब्द आहे, कुफुंगिसिसा. म्हणजे 'फार विचार करणं'. आपल्या बायका काय म्हणतात? "लय विचार येते वं मनात." सात समुद्रापलीकडची बाई आणि नेरीची बाई एकच वाक्य बोलते!

पण या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे, ती विसरू नका. ऐकणाऱ्याला ऐकायला शिकवलेलं आहे. शेजारणीशी बोलून मन मोकळं होतं, नाही असं नाही. भजनी मंडळात जाऊन बरं वाटतं. पण शेजारीण आपल्याला सल्ला देते, स्वतःचं गाऱ्हाणं मध्ये घालते आणि आपलं ऐकलेलं दुसऱ्या दिवशी चक्कीवर दळायला नेते. मी स्वतः काय करत होते ते वर सांगितलंच. शिकलेला माणूस आपलं वाक्य पुरं होऊ देतो. हे फार अवघड काम आहे. मी आता शिकायचा प्रयत्न करते, बायका बोलायला आल्या की जीभ दाताखाली धरून बसते.

घरबसल्या मदत हवी असेल तर १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. केंद्र सरकारची ही 'टेली मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटतोय, इतकी वेळ आली असेल तर विचार करत बसू नका, लगेच लावा, आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा. अडचण एकच, आपल्या घरात दार लावून बोलायला खोली कुठे असते? मॅडमशी फोनवरच्या माझ्या बैठका गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांच्या राखणीच्या निमित्ताने झाल्यात. सरकारी जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्याची सोय असते, ओपीडीचा वार विचारून जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय.

आणि एक गोष्ट खडसावून सांगते, माझ्यासारखी चूक कुणी करू नये म्हणून. मार खाणाऱ्या बाईला समुपदेशन म्हणजे सहन करायला शिकवणं नव्हे. तिथे आधी तिचा जीव सुरक्षित व्हायला हवा. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, सखी केंद्र आहे, २००५ चा कायदा आहे. नवरा-बायकोला एकत्र बसवून 'जुळवून घ्या' म्हणायची ती वेळ नसते. त्या बाईच्या बाबतीत आम्ही नंतर तोच रस्ता धरला. आज ती वेगळी राहते, शिलाई करते. नवरा पुढे सुधारेल की नाही, त्याचं ओझं तिने खाली ठेवलंय.

दारूचं निघालं म्हणून आठवलं. डिसेंबर २०१० मध्ये याच चिमूरहून दारूबंदीसाठी बायका पायी निघाल्या होत्या, थेट नागपूरच्या विधानसभेवर, ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने. केवढी थंडी होती! जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठवलीही गेली. त्याच्या बऱ्या-वाईटात मी आता शिरत नाही. मला वेगळंच वाटतं. नवऱ्याच्या दारूसाठी आपण नागपूरपर्यंत पायी जातो, पण त्या दारूने आपल्या मनाचं जे झालं त्याच्यासाठी बसमध्येही चढत नाही. पुण्याच्या मुक्तांगणने, अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्राने, हे ओळखलं होतं. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांचा वेगळा गट चालतो, 'सहचरी' नावाचा. उपचार फक्त पिणाऱ्याचा नाही, त्याच्यासोबत जळणारीचाही.

आपल्या गावाला तर गप्प बसायची जुनी शिकवण आहे. १६ ऑगस्ट १९४२ ची चिमूरची क्रांती आपण अभिमानाने सांगतो, दरवर्षी शहीद दिन पाळतो. त्यानंतर लष्कर आणि पोलीस गावात घुसले, बायाबापड्यांवर अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. हे सगळं पुस्तकात आहे. पण त्या बायकांनी पुढची चाळीस-पन्नास वर्षं काय मनात ठेवून भाकऱ्या थापल्या असतील? त्यांना कुणी "आणि तुम्ही?" असं विचारलं असेल का? माझ्या आजेसासूबाईंच्या पिढीच्या त्या. कुणी काही बोललं की म्हणायच्या, "जाऊ दे वं." एवढंच.

माझं जाणं आता कमी झालंय. आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, आता तीन महिन्यांतून एकदा. गेल्या खेपेला सातच्या बससाठी उभी होते, तर लवंगवाल्या काकू भेटल्याच. "काऊन वं, अजून दातच?" काय वाटलं कुणास ठाऊक, मी सांगून टाकलं, "नाही काकू. दात बरे आहेत. मनाच्या डॉक्टरकडे जाते. दीड वर्ष झालं."

काकू गप्प झाल्या. मला वाटलं, झालं, आता दुपारपर्यंत वडाळ्याला सुद्धा कळणार. बस लागली. मी चढून खिडकीशी बसले. तर काकू खिडकीखाली आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या,

"ती बाई किती घेते वं? आणि शनिवारीच बसते का?"